मळणीची धूळ आणि धुऊन वापरायचा कापडी मास्क

मळणीयंत्राजवळ जायच्या आधी तोंडाला काहीतरी बांधायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाया पदर नाहीतर स्कार्फ बांधतात, गडीमाणसं रुमाल, उपरणं, टॉवेल गुंडाळतात. तरी रात्री खोकल्याची उबळ येतेच आणि सकाळी नाक शिंकरलं की काळं पडतंच. दोष कापडाचा कमी आणि बांधण्याचा जास्त असतो. चेहऱ्याला चिकटून बसणारा, आत गाळणीचा वेगळा तुकडा घालता येईल असा आणि रोज धुता येणारा मास्क घरच्या शिलाई मशीनवर सहज शिवता येतो. तो कसा शिवायचा, कसा बसवायचा, कसा धुवायचा, आणि कोणत्या कामात त्याच्यावर अजिबात विसंबायचं नाही, ते इथे क्रमाने सांगतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून ती आधीच घेतली आहे.

कापड काय अडवतं, काय नाही

मळणीच्या धुळीत एकच एक पदार्थ नसतो. माती असते, भुशाचे आणि पाचोळ्याचे तुकडे असतात, ज्वारी-बाजरीची अंगाला खाजवणारी कूस असते आणि डोळ्यांना न दिसणारे बुरशीचे बीजाणूही असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. जी धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते ती बहुतेक 10 मायक्रॉनच्या वरची. ती नाकात-घशात अडकते, खोकला आणि शिंका आणते. घट्ट विणीचं कापड ही धूळ चांगली अडवतं. फुप्फुसात खोलवर उतरते ती मात्र 4-5 मायक्रॉनच्या खालची, आणि तिथे कापडाची ताकद झपाट्याने कमी होते.

बांगलादेशातल्या मतलब भागात झालेला एक प्रयोग इथे आठवतो. जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून बायांनी तिच्यातून पिण्याचं पाणी गाळलं, आणि त्या गावांमधली पटकीची, म्हणजे कॉलराची, लागण 48 टक्क्यांनी कमी झाली. अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पटकीचा जंतू इतका बारीक असतो की सुटा असेल तर साडीतून सरळ निघून जातो. पण तो पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतो, आणि ते जीव साधारण 20 मायक्रॉनहून मोठे असल्यामुळे साडीत अडकतात. नव्या साडीपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेली साडी जास्त चांगली ठरली, कारण तिचे तंतू फुगून विणीतली भोकं लहान होतात. हवेचं गणित पाण्यासारखं नसलं तरी कापडाची मर्यादा यातून नीट कळते. मोठं ते अडतं, बारीक ते निसटतं.

बारीक म्हणजे किती, याचाही अंदाज आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये सुती कापडाचे मास्क तपासले. 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी ते जेमतेम 23 टक्क्यांपर्यंतच अडवत होते. एन-95 मास्ककडून त्याच आकाराच्या कणांपैकी किमान 95 टक्के अडवण्याची अपेक्षा असते. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 9473 मध्ये, एफएफपी-1, एफएफपी-2 आणि एफएफपी-3 अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली 80 टक्के अडवते, दुसरी 94 टक्के, आणि तिसरी त्याहून वर. घरी शिवलेला मास्क यातल्या पहिल्या पायरीवरही बसत नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

मग तो शिवायचा कशाला? कारण मळणीच्या दिवशी तोंडावर दुसरं काही नसतं, असलं तर सैल पदर असतो, आणि त्या मानाने हा मास्क खूपच बरा. कोरडं, स्वच्छ पीक असेल, काम मोकळ्या हवेत असेल आणि दिवसातले काही तासच असेल, तर हा मास्क उपयोगी पडतो. ऑक्टोबरातलं उन्हात कडक वाळलेलं सोयाबीन, जानेवारीतली तूर, पुढे हरभरा, ज्वारी, गहू या सगळ्यांना तो चालेल. दिवाळीआधीची घरातली जळमटं काढायला, धान्य उफणायला आणि चाळायला, कुटार भरायला आणि दुचाकीवरून कच्च्या रस्त्याने जायलाही चालेल.

या कामांना कापडी मास्क नको

*भिजून काळं पडलेलं पीक.* परतीच्या पावसात सोयाबीनची गंजी भिजते, आतून तापते आणि तिच्यावर बुरशी येते. असं पीक यंत्रात गेलं की जी करडी धूळ उठते तिच्यात बीजाणूंचा भरणा असतो, आणि पुष्कळ बीजाणू 2 ते 5 मायक्रॉनचे, म्हणजे नेमके कापडातून निसटणारे असतात. अशा धुळीने होणाऱ्या आजाराला डॉक्टर ‘फार्मर्स लंग’ म्हणतात. त्याची खूण अशी, की धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते आणि दम लागतो. एक-दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून लोक थंडीताप समजून सोडून देतात आणि पुन्हा त्याच गंजीवर जातात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर फुप्फुसं कायमची आखडतात. बुरशीचं पीक काढायचं असेल तर एफएफपी-2 किंवा एन-95 घ्या. मजुरांसाठीही तोच घ्या, मळणीच्या खर्चात तो धरूनच चला.

*फवारणी.* 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कापड औषधाची वाफ अडवत नाही. उलट तुषार बसून ते ओलं झालं की औषध तासनतास नाकातोंडाला लागून राहतं. फवारणीला सेंद्रिय वाफा शोषणारं काडतूस बसवलेला रबरी मास्क, हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे लागतात, कारण औषध कातडीतूनही शरीरात जातं.

*धान्यातल्या गोळ्या.* कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या की फॉस्फीन वायू तयार होतो. वायूला कोणतंही कापड अडवू शकत नाही, आणि धुळीसाठीचा एन-95 सुद्धा नाही.

*दगड, सिमेंट, फरशी कापणं.* यात सिलिकाची अतिबारीक धूळ असते. ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर औषध नाही. खडी क्रशरवर रुमाल बांधून काम करणाऱ्यांना रुमालाने सुरक्षित वाटतं, हाच खरा धोका आहे.

*विहीर, गोबरगॅसची टाकी, बंद कोठी.* तिथे प्राणवायूच कमी असतो, आणि मास्क प्राणवायू देत नाही. कसलाही मास्क लावून आत उतरू नका.

कापड निवडताना

दुकानात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा. बाहेरच्या पदरासाठी पॉपलीन, मांजरपाट किंवा जुन्या सुती चादरीचं कापड चांगलं. आतल्या अस्तरासाठी घाम टिपणारं मऊ सुती हवं: जुनी धोतरं, ब्लाऊजच्या अस्तराचं कापड, जुन्या सुती साडीचा मधला न विरलेला भाग. टेरिकॉट आणि सिंथेटिक कापड आतून नको, घामाने चेहऱ्याला पुरळ येतं. बाहेरचं कापड रंगीत घ्या आणि आतलं पांढरं. उलटसुलट घालायची चूक होत नाही, आणि आत कुठे धूळ शिरली तेही लगेच दिसतं.

कापड एक पदरी धरून सूर्याकडे किंवा बल्बकडे बघा. विणीतून प्रकाशाचे ठिपके स्पष्ट दिसले तर ते कापड बाहेरच्या पदराला नको. मग चार पदर करून तोंडावर धरा आणि नाकाने दमदार श्वास घ्या. छातीला जोर द्यावा लागला तर कापड जास्त जाड आहे. जाड कापडातून श्वास घेणं कठीण झालं की हवा कडेच्या फटीतून आत येते, आणि मग पदर कितीही वाढवले तरी उपयोग नसतो. पदर वाढवले की संरक्षण वाढतं, हा समज नव्या माणसाने पहिल्याच दिवशी सोडून द्यावा.

मधल्या गाळणीच्या तुकड्यासाठी दोन पर्याय आहेत. एक म्हणजे धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे दोन पदर. दुसरा म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं नॉन-वोव्हन कापड, ज्याच्या पिशव्या आणि गादीची अस्तरं करतात. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2020 मध्ये तीन पदरी कापडी मास्कची शिफारस केली, तेव्हा मधला पदर याच कापडाचा सुचवला होता. ते हलक्या हाताने धुता येतं, फक्त इस्त्री लागली की आक्रसतं. बाजारात मिळणाऱ्या ‘पीएम 2.5’च्या पातळ काळ्या गाळण्या मात्र धुऊ नका. त्यांच्यातल्या आणि एन-95 मधल्या बारीक तंतूंवर विजेचा भार असतो, आणि धूळ ओढून धरायचं बरंच काम तोच करतो. साबणाने किंवा स्पिरिटने तो भार जातो. तुकडा दिसायला तसाच राहतो, पण काम करेनासा होतो.

नवं कापड असेल तर आधी गरम पाण्यातून काढून खळ घालवा आणि वाळवा. कापल्यानंतर आटलं तर सगळी मापं बिघडतात.

शिवणकाम

मोठ्या माणसाच्या मध्यम चेहऱ्यासाठी ही मापं घ्या. बाहेरचा तुकडा 7.5 × 7.5 इंचांचा. अस्तराचे दोन तुकडे, प्रत्येकी 7.5 × 5 इंच. कडेच्या दोन पट्ट्या 5 × 2 इंच. नाकाच्या तारेसाठी 5 इंच लांब फीत. गाळणीचा तुकडा 6.5 × 6.5 इंच, आणि तो निदान तीन तरी करा. चेहरा लहान असेल तर रुंदी अर्धा ते पाऊण इंच कमी करा, उंची तीच ठेवा.

अस्तराच्या दोन्ही तुकड्यांची एक-एक लांब कड अर्धा इंच दुमडून शिवा. आता दुमडलेल्या कडा मध्ये घेऊन दोन्ही तुकडे दीड इंच एकमेकांवर चढवून ठेवा, उशीच्या अभ्र्याला मागे असतो तसा. असा 7.5 इंचांचा चौकोन होतो आणि मधल्या उघड्या जागेतून गाळणी आत-बाहेर करता येते.

बाहेरचा तुकडा आणि हे अस्तर सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून एकमेकांवर ठेवा. फक्त वरची आणि खालची कड पाव इंचावर शिवा, बाजू मोकळ्या सोडा. उलटवून सुलट करा आणि इस्त्री मारा. उंची आता 7 इंच राहिली. वरच्या कडेला मध्यभागी, आतल्या बाजूने फीत शिवा, पण तिचं एक टोक उघडं ठेवा. तिथून तार आत जाईल आणि धुताना बाहेर निघेल.

मग तीन चुण्या घाला. प्रत्येक चुणी अर्धा इंच खोल, म्हणजे 1 इंच कापड खाणारी. बाहेरून बघताना चुणीचं तोंड खाली हवं, वर राहिलं तर त्यात धूळ साठते. बाजूची उंची 4 इंचांवर आली की दोन्ही बाजूंना टीप मारून चुण्या पक्क्या करा. गाळणीच्या तुकड्यालाही अशाच तीन चुण्या घालून बाजूंना टीप मारा, म्हणजे ती आत गोळा होणार नाही.

कडेच्या पट्ट्यांची दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा आणि पट्टी मास्कच्या कडेवर पांघरून शिवा, नेफ्यासारखी पोकळ. आता सुमारे 1 मीटर पाव इंची इलॅस्टिक घ्या. ते डाव्या नेफ्यातून खालून वर काढा, डोक्याच्या मागून फिरवा, उजव्या नेफ्यातून वरून खाली आणा आणि मानेमागून घेऊन पहिल्या टोकाला बांधा. एकच सलग फेरा होतो: वरचा भाग डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा मानेवर. डोक्यात घालून ताण बघा, तसंच जादा कापा आणि गाठ ओढून नेफ्यात लपवा. अंबाडा असेल तर वरचा फेरा अंबाड्याच्या वर, वेणी असेल तर वेणीच्या खालून.

कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा ही पद्धत बरीच चांगली. कानाच्या दोऱ्या पुढे ओढतात, चिकटवून धरत नाहीत, आणि तासाभराने कान दुखायला लागले की माणूस मास्क हनुवटीवर ओढतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मळणीयंत्राच्या पट्ट्याजवळ, पुलीजवळ आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ लोंबणारं काहीही नको. पदर, ओढणी, उपरण्याचं टोक अडकून माणूस ओढला गेल्याचे अपघात दर हंगामात होतात. सलग फेऱ्याला मोकळं टोकच राहत नाही. मास्कवरून स्कार्फ बांधायचाच असेल तर टोकं मागे खोचून वरून सदरा घाला.

नाकाची तार म्हणून विजेच्या वायरमधली जाड तांब्याची तार घ्या, 4 इंच लांब, तिची टोकं वळवून बोथट करा. ती गंजत नाही आणि वाकवली तशी राहते. जुन्या सर्जिकल मास्कमधली पट्टीही चालते.

फट शोधा

शिवणं हे सोपं काम. मास्क चेहऱ्यावर नीट बसवणं हे खरं काम, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

मास्क लावा. दोन्ही हातांच्या बोटांनी तार नाकाच्या हाडावरून गालांकडे दाबत न्या. एका हाताने चिमटीत धरली तर मध्ये टोक होतं आणि बाजूंना फट राहते. खालची कड हनुवटीच्या खाली आली पाहिजे, हनुवटीवर नाही. आता दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांजवळ वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर तार पुन्हा दाबा. गालाला लागला तर इलॅस्टिक आवळा. हनुवटीखाली लागला तर मास्क लहान पडतोय, उंचीचा तुकडा अर्धा इंच वाढवून दुसरा शिवा. मग जोरात श्वास आत ओढा. कापड थोडं आत खेचलं गेलं, तर हवा कापडातून येते आहे. कापड हललंच नाही, तर ती कुठूनतरी बाजूने येते आहे.

मोठं बोला, मान डावी-उजवी करा, खाली वाका, पोतं उचलल्यासारखं करा. यंत्रावर हेच करावं लागणार आहे. त्यात मास्क नाकावरून घसरला तर तो मास्क कामाचा नाही. दाढी असेल तर कड केसांवर बसते आणि धूळ केसांमधून आत येते. हंगामापुरती दाढी काढता आली तर काढा, नाहीतर निदान कडेखालचे केस बारीक ठेवा.

सगळ्यात खरी परीक्षा काम संपल्यावर होते. मास्क काढून लगेच आरशात बघा, तोंड धुण्याआधी. कपाळ आणि गाल धुळीने माखलेले असतात आणि मास्कखालची कातडी स्वच्छ असते. त्या स्वच्छ भागात कुठे काळी रेघ गेली आहे का ते बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीकडे उतरणारी रेघ सर्वांत जास्त वेळा सापडते. फट नेमकी तिथे आहे. मास्क उलटा करून पांढरं अस्तर बघा, तिथेही त्याच जागी डाग असेल. दुसऱ्या दिवशी तार तेवढी दाबा किंवा वरच्या कडेला आतून सुती कापडाची जाड घडी शिवा. दोन-तीन दिवस असं बघत गेलात की मास्क तुमच्या चेहऱ्याला बसतो. एकाचा मास्क दुसऱ्याने घातला तर ही सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून प्रत्येकाच्या मास्कवर धाग्याने नाव किंवा खूण काढा.

खळ्यावर

मास्क लावण्याआधी वारा बघा. भुशाचं तोंड वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा भुसा लांब नेईल असं यंत्र लावा. पेंढ्या घालणारा आणि पोती भरणारा दोघंही वाऱ्याला पाठ करून राहतील असं बघा. भुसा ओढणाऱ्याला सगळ्यात जास्त धूळ खावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी हे काम बायांकडे असतं. तिथे एकाच व्यक्तीला दिवसभर उभं करू नका, दर तासाला बदली करा. खळ्याच्या आजूबाजूच्या मातीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारलं तरी पायाखालची धूळ बरीच बसते.

मास्क मुद्दाम ओला करून बांधायची सवय काही जणांना आहे. थंड वाटतं म्हणून, किंवा धूळ चिकटेल म्हणून. ओल्या कापडातून श्वास ओढायला जोर लागतो आणि हवा फटीतून शिरते. घामानेही तेच होतं, म्हणून चहाच्या सुट्टीला एक आणि जेवणाच्या सुट्टीला एक असे मास्क बदला. दिवसाला माणशी तीन मास्क लागतात असं धरा. बिडी, तंबाखू, पाणी यासाठी मास्क खाली ओढायचा झाला तर यंत्रापासून दूर जाऊन, हात धुऊन, डोक्यामागचं इलॅस्टिक धरून पूर्ण काढा. पुढून हात लावला की बाहेरची धूळ आतल्या बाजूला लागते.

दम्याचा त्रास असलेल्यांनी, टीबी होऊन गेलेल्यांनी आणि मुलांनी यंत्राजवळ थांबू नये. मास्क लावून श्वास अपुरा वाटतो, चक्कर येते असं झालं तर लगेच बाजूला होऊन मास्क काढा आणि सावलीत बसा.

धुणं

कापडी मास्क धुण्यावर उभा आहे. हनोईतल्या 14 रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना कापडी मास्क देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, तेव्हा कापडी मास्कवाल्यांना वैद्यकीय मास्कवाल्यांपेक्षा जास्त संसर्ग झालेला आढळला. पुढे त्याच माहितीची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असं दिसलं की ज्यांचे मास्क रुग्णालयाच्या धुलाईत धुतले जात होते त्यांचं संरक्षण वैद्यकीय मास्कइतकंच होतं, आणि जे घरी स्वतःच्या हाताने धूत होते त्यांना धोका जास्त होता. तो अभ्यास जंतूंचा होता, धुळीचा नाही. पण ओला, अर्धवट धुतलेला मास्क दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडावर जाणं शेतावरही तितकंच वाईट.

घरी आल्यावर मास्क झटकू नका. झटकला की दिवसभर अडवलेली धूळ घरात आणि तुमच्याच नाकात जाते. तार आणि इलॅस्टिक काढा, गाळणी बाहेर काढा आणि सगळं सरळ बादलीतल्या पाण्यात बुडवा. दहा मिनिटांनी ते गढूळ पाणी फेका. मग गरम पाण्यात साबण किंवा साधी धुण्याची पावडर घालून चोळा. जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कसाठी 60 अंश सेल्सियसचं पाणी सांगितलं होतं. ते हाताला सोसत नाही, म्हणून आधी कोमट पाण्यात साबणाने धुऊन मग स्वच्छ पाण्यात एक मिनिट उकळा. नॉन-वोव्हनची गाळणी उकळू नका, साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवा. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, राहिलेला साबण घामात उतरून गालाला खाज आणतो. ब्लीच आणि कपडे मऊ करणारी द्रावणं नकोत. डेटॉलचीही गरज नाही.

पिळू नका. काठमांडूत बाजारातल्या कापडी मास्कवर झालेल्या एका अभ्यासात चौथ्या धुण्यानंतर गाळण्याची क्षमता सुमारे 20 टक्क्यांनी घटलेली आढळली, कारण ताणल्यामुळे विणीतली भोकं मोठी झाली. वर सांगितलेल्या कोलोरॅडोच्या अभ्यासात मात्र 52 वेळा धुऊन वाळवल्यावरही क्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कापड घट्ट विणीचं असेल आणि त्याला ताण दिला नाही तर ते पुष्कळ टिकतं, असाच याचा अर्थ मी घेतो. दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा आणि कडक उन्हात, दोरीवर, धूळ उडणार नाही अशा जागी वाळवा. ढगाळ हवा असेल तर सुती भागांवर कोरडी इस्त्री फिरवा. किंचित दमट मास्क डब्यात ठेवला तर एका रात्रीत कुबट वास येतो. वास येणारा मास्क पुन्हा धुवायचा, तसाच घालायचा नाही.

दर आठवड्याला एकदा मास्क सूर्याकडे धरून बघा. पहिल्या दिवशी न दिसलेले ठिपके दिसू लागले, टीप उसवली, चुण्यांच्या कडेला कापड विरलं किंवा गाळणीचे धागे सुटू लागले, तर तो भाग बदला. बहुतेक वेळा आधी गाळणी आणि इलॅस्टिक जातात, बाहेरचा पदर त्यांच्या दुप्पट-तिप्पट चालतो. म्हणूनच ते वेगळे ठेवले.

यंत्रवाल्यांसाठी

गावोगावी मळणीयंत्र घेऊन जाणारे चालक आणि त्यांच्यासोबतचे मजूर आठवडेच्या आठवडे रोज धुळीत असतात. त्यांनी कापडावर भागवू नये. त्यांच्यासाठी रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धा मास्क परवडतो. त्याचं अंग साबणाने धुता येतं, वर्षानुवर्षं टिकतं, आणि फक्त त्याच्यावरच्या पी-2 किंवा पी-3 प्रकारच्या धुळीच्या गाळण्या बदलाव्या लागतात. या गाळण्या धुवायच्या नसतात. मात्र त्यांच्यावर वरून बसवायला कापडाची पातळ टोपी शिवता येते, ती ढोबळ धूळ अडवते, रोज धुता येते, आणि आतली महाग गाळणी लवकर तुंबत नाही. टोपी एक पदरीच ठेवा आणि ती गाळणीच्या कडेखाली, म्हणजे रबर आणि चेहऱ्याच्या मध्ये, कधीही येऊ देऊ नका. श्वास जड वाटायला लागला की आधी टोपी धुवा, तरी जड वाटला तर गाळणी बदला.

हंगाम संपल्यावर सगळे मास्क धुऊन कडकडीत वाळवा आणि तार-इलॅस्टिक काढून कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. पुढच्या वर्षी पहिल्या मळणीच्या आठवडाभर आधी पिशवी उघडून नवं इलॅस्टिक घाला. आणि मळणीच्या दिवसांत खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, किंवा संध्याकाळी ताप येऊन दम लागला, तर डॉक्टरांना नुसतं ‘खोकला आहे’ असं सांगू नका. कोणतं पीक काढलं, ते भिजलेलं होतं का, यंत्राजवळ तुम्ही कुठे उभे होता आणि काम केल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे सगळं सांगा.